ॲल्युमिनियमचा सांधा : घाई नको, माहिती हवी



या पत्रिकेतून ऊस विकास विभाग आपणांस बेणे, लागण, खतांच्या मात्रा, बांधणी आणि खोडवा यांविषयी माहिती देत असतो. या अंकात मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊसवाल्या माणसाने वेल्डिंगवर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे चूक नाही. आमचा डिप्लोमा शेतीचा आहे, वेल्डिंगचा नव्हे. परंतु आज उसाची भरणी आणि बांधणी बऱ्याच ठिकाणी यंत्रावर होते, आणि त्या यंत्राचे निम्मे अंग ॲल्युमिनियमचे असते. यंत्र मोडले की बांधणी अडते, आणि बांधणी अडली की उसाचे नुकसान होते. म्हणजे फिरून विषय आमच्याच दारात येतो.

पूर्वी नांगराचा फाळ, कुळवाची फास, गाडीची धाव हे सारे लोखंडाचे असे. मोडले की लोहाराच्या भट्टीवर न्यायचे, तापवायचे, ठोकायचे, की झाले. आता पॉवर वीडरच्या गिअरची पेटी, इंजिनाचे कव्हर, ब्रश कटरचे डोके, जुन्या तुषार संचाचे पाइप, दुधाचे कॅन, शिडी, अशा कितीतरी वस्तू ॲल्युमिनियमच्या आहेत. धातू बदलला, पण दुरुस्तीची आपली सवय लोखंडाचीच राहिली. त्यातून काय होते ते आम्ही अनुभवाने शिकलो. तो अनुभव आधी सांगतो.

आमचा चुकीचा सल्ला

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. गटातील एक सभासद सकाळीच कार्यालयात आले. जानेवारीची सुरू लागण, मोठी बांधणी चालू, आणि वीडर दगडावर आदळून गिअर पेटीचा बोल्ट बसतो तो कान तडकलेला. "साहेब, नवी पेटी शहरातून यायला आठ दिवस लागतील म्हणतात. काय करू?" आम्ही यंत्र न बघताच सांगून टाकले, "आठ दिवस कशाला थांबता? गावातच आर्क मशीनवर एक टाका मारून घ्या, दुपारी यंत्र वाफ्यात."

वेल्डर लोखंडाच्या कामात चांगला होता. त्याने नेहमीची लोखंडाची कांडी लावली. कान जोडला गेलाच नाही. धातू क्षणात वितळून खाली पडला आणि पेटीला रुपयाएवढे भोक पडले. तुटलेला कान टेबलावर पडला होता, पांढराशुभ्र, जसा थंड असताना दिसतो तसाच. सभासदाचा सोळा वर्षांचा मुलगा मदतीला आला होता. त्याने तो उचलला. तळहाताचे कातडे धातूलाच चिकटून राहिले.

पोराचा हात भरून यायला महिना गेला. नवी पेटी यायला बारा दिवस लागले, तोवर पावसाने गाठले. निम्म्या रानात मोठी बांधणी झालीच नाही, आणि पुढे वाऱ्यापावसात तेवढाच ऊस लोळला. त्या सभासदांनी आम्हाला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. पण चूक वेल्डरची नव्हती आणि त्यांचीही नव्हती. चूक सल्ल्याची होती. म्हणून नंतर कारखान्याच्या वर्कशॉपमधील फोरमन साहेबांजवळ बसून आम्ही हा विषय समजून घेतला, चार ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष काम पाहिले, आणि जे समजले ते आता आपल्यापुढे मांडतो.

हा धातू कोठून आला

ॲल्युमिनियम बॉक्साइट नावाच्या मातकट दगडापासून काढतात. हा दगड परका नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या सड्यांवर तो सापडतो. दगडात हा धातू प्राणवायूशी इतका घट्ट बांधलेला असतो की तो स्वस्तात सोडवणे पूर्वी कुणाला जमले नव्हते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या साह्याने तो सोडवण्याची एकच रीत शोधून काढली, आणि तेव्हापासून हा धातू सर्वांच्या आवाक्यात आला.

प्राणवायूची ही ओढ ध्यानात ठेवावी. वेल्डिंगची पहिली अडचण तिच्यातूनच निघते.

लोखंड आणि ॲल्युमिनियम यांतील पाच फरक

१) अंगावरची साय. ॲल्युमिनियम कापले किंवा घासले की उघड्या भागावर क्षणात ऑक्साइडचा पातळ थर चढतो. लोखंडाचा गंज पोखरत आत जातो, ॲल्युमिनियमची ही साय मात्र धातूचे रक्षण करते. म्हणूनच पावसात पडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा वर्षानुवर्षे टिकतो. पण वेल्डिंगला हीच साय आडवी येते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि ही साय वितळायला २,००० अंशांच्या वर उष्णता लागते. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरचे कातडे तसेच. दोन तुकड्यांचा रस शेजारी शेजारी असतो, पण मध्ये साय असल्याने एक होत नाही. वरून सांधा भरलेला दिसतो आणि आतून सुटा राहतो.

२) रंग बदलत नाही. लोखंड तापताना आधी काळपट लाल, मग लाल, मग नारिंगी होते. गुळव्याला जशी काहिलीतली चाचणी कळते, तसा लोहाराला रंगावरून ताव कळतो. ॲल्युमिनियम लाल होण्याआधीच वितळते. शेवटपर्यंत पांढरे, आणि एकदम खाली. कुठलीही सूचना नाही. त्या मुलाचा हात भाजला तो यामुळेच.

३) उष्णता पळते. साध्या लोखंडाच्या मानाने ॲल्युमिनियम तीन ते पाच पट वेगाने उष्णता वाहून नेते. सांध्यावर दिलेली उष्णता सगळ्या पेटीत पसरते. त्यामुळे सुरुवातीला जोड धरत नाही, आणि थोड्या वेळाने सगळाच भाग तापला की भोक पडते.

४) फुगणे आणि आकसणे. तापल्यावर ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते आणि निवताना तेवढेच आकसते. रस घट्ट होतानाही तो बराच आकसतो. त्यामुळे वस्तू वाकते किंवा सांध्याला पुन्हा तडा जातो.

५) ओल आणि तेल सहन होत नाही. पाणी, तेल, ग्रीस यांतून निघणारा हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मुरतो. धातू घट्ट होताना तो बाहेर पडू पाहतो आणि आत अडकतो. सांधा आतून जाळीदार होतो, पावाच्या तुकड्यासारखा. अशा सांध्यातून तेल झिरपते आणि जोर पडला की तो तुटतो.

या पाच गोष्टी ज्याला समजल्या त्याला पुढचे सारे सोपे आहे.

सगळे ॲल्युमिनियम एक नव्हे

को ८६०३२ आणि फुले २६५ हे दोन्ही ऊसच, पण दोघांचा स्वभाव वेगळा. ॲल्युमिनियमचेही तसेच आहे. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्याला बळ यावे म्हणून सिलिकॉन, मॅग्नेशियम, तांबे, जस्त असे धातू व पदार्थ मिसळतात. ओतीव पेट्यांमध्ये बहुधा सिलिकॉनचा भाग असतो. त्या योग्य रीतीने सांधता येतात. चौकटी, पाइप आणि शिड्या यांसाठी वापरतात ते ६०६१ किंवा ६०६३ या जातीचे असते. ते सांधता येते, पण त्याबद्दल एक मोठी अट आहे, ती पुढे सांगू. २०२४ आणि ७०७५ या जाती फार बळकट असतात, पण नेहमीच्या वेल्डिंगने त्यांना तडे जातात. त्या जोडायच्या तर बोल्टने किंवा रिव्हेटने.

आणखी एक ओळख करून घ्यावी. काही हलक्या यंत्रांची अंगे ॲल्युमिनियमची नसून मॅग्नेशियमची असतात. दिसायला सारखीच. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकले तर आग अधिकच भडकते. ओळखण्याची सोपी रीत अशी : एक कोपरा कानशीने घासून चकचकीत करावा आणि त्यावर व्हिनेगारचा थेंब टाकावा. बुडबुडे फसफसले तर मॅग्नेशियम समजावे. ॲल्युमिनियमवर तसे होत नाही. शंका असेल ते काम नेहमीच्या दुकानात देऊ नये.

जोडण्याच्या पद्धती

टिग वेल्डिंग : आपल्या कामासाठी हीच पद्धत सर्वांत चांगली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ च्या सुमारास, अमेरिकेतील विमान कारखान्यात हलके धातू जोडण्यासाठी ती पुढे आली. यात टंगस्टनच्या न वितळणाऱ्या सुईतून ठिणगीची ज्योत निघते, सभोवती आर्गॉन वायूचे आवरण असते, आणि भरणीची कांडी दुसऱ्या हाताने घालतात. ॲल्युमिनियमसाठी मशीन एसीवर चालवावे लागते. एसीचा प्रवाह उलटसुलट वाहतो. एका फेरीत तो वरची साय उडवतो, दुसऱ्या फेरीत धातूत उष्णता देतो. फक्त डीसीवर चालणारे छोटे टिग मशीन लोखंडाला व स्टेनलेसला चालते, पण ॲल्युमिनियमच्या आपल्या कामाला उपयोगी नाही. "आमच्याकडे टिग आहे" एवढ्या शब्दावर भुलू नये. एसी आहे का, हे विचारावे.

मिग वेल्डिंग : यात भरणीची तार यंत्रातूनच आपोआप येते. लांब आणि जाड सांध्याला ही पद्धत जलद पडते. ॲल्युमिनियमची तार मऊ असल्याने लांब नळीत गुंतते, म्हणून रीळ पिस्तुलावरच बसवलेले असावे लागते. वायू शुद्ध आर्गॉनच हवा. लोखंडासाठी वापरतात तो कार्बन डायऑक्साइड येथे चालत नाही.

गॅस वेल्डिंग : जुने कारागीर ॲसिटिलीनच्या ज्योतीवर फ्लक्स लावून पातळ पत्रा जोडत. हात बसलेला असेल तर काम चांगले होते. मात्र फ्लक्स मागे राहिला तर तो धातू खातो. काम झाल्यावर गरम पाण्याने आणि ब्रशने धुतलेच पाहिजे.

आर्क मशीनवरील ॲल्युमिनियमची कांडी : अशी कांडी मिळते. पण ती डीसी मशीनवर चालते, ओल लवकर धरते आणि तिचा मळ धुवावा लागतो. अगदी अडले तरच, आणि जाड भागालाच.

कमी तापाची कांडी : जस्ताची ही कांडी सुमारे ३८० ते ४०० अंशांवर वितळते. मूळ धातू वितळत नाही, वरून सांधा बसतो. गळणारे झाकण किंवा पातळ पाइप यासाठी ठीक. जोर किंवा हादरा बसणाऱ्या भागाला उपयोगी नाही.

पेटीचा तडा कसा सांधला : पाहिलेले काम

२०२४ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका सभासदाच्या वीडरची पेटी तशीच तडकली. या वेळी आम्ही स्वतः बरोबर गेलो. तालुक्याच्या ठिकाणी एसी टिगचे मशीन असलेल्या कारागिराकडे काम दिले. त्याने पहिला सगळा दिवस वेल्डिंगला हातच लावला नाही, तेव्हा सभासद चुळबुळू लागले. पण तयारी हेच खरे काम होते. जमीन तयार नसताना लागण करून जसे चालत नाही, तसेच हे. त्याने काम केले ते क्रमाने असे :

(१) बेअरिंग, तेल सील, गिअर सगळे उतरवून पेटी रिकामी केली. धुऊन पूर्ण वाळवली.

(२) तडा कुठपर्यंत गेला आहे ते शोधले. एका बाजूने रॉकेल लावले आणि दुसऱ्या बाजूने खडूची पूड. जिथे रॉकेल झिरपले तिथे खडू ओला झाला. डोळ्यांना दोन इंच दिसणारा तडा प्रत्यक्षात तीन इंचांचा निघाला.

(३) तड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे तीन मिलीमीटरचे बारीक भोक पाडले, म्हणजे तडा पुढे पळत नाही.

(४) तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच केली. त्यासाठी वापरलेले पाते केवळ ॲल्युमिनियमसाठीच ठेवलेले होते. लोखंड घासलेल्या चाकातले कण ॲल्युमिनियममध्ये रुतले तर सांधा बिघडतो.

(५) वर्षानुवर्षे तेलात राहिलेली ओतीव पेटी तेल पिते. म्हणून ती हलकी तापवली. तेल घामासारखे वर आले. पुसले, पुन्हा तापवले, पुन्हा पुसले. असे चार वेळा.

(६) ॲसिटोनने पुसून, ते पूर्ण उडून गेल्यावर स्टेनलेसच्या स्वच्छ ब्रशने खाच घासली. हा क्रम उलटा करू नये. आधी घासले तर तेल धातूत चोळले जाते. घासल्यावर मात्र उशीर न करता सांधायला घ्यावे, नाहीतर साय पुन्हा जाड होते.

(७) पेटी जाड सपाट प्लेटवर बोल्टने आवळली, म्हणजे तोंड वाकडे होणार नाही.

(८) पेटी सर्व बाजूंनी सारखी, सुमारे १५० अंशांपर्यंत तापवली. ताप डोळ्यांनी कळत नाही म्हणून तापदर्शक खडूने मोजला. ठरलेल्या तापाला तो खडू वितळतो.

(९) भरणीला ४०४३ ही कांडी घेतली. तिच्यात सुमारे ५ टक्के सिलिकॉन असते, त्यामुळे रस चांगला वाहतो आणि ओतीव कामाला तडा कमी जातो. मॅग्नेशियम असलेली ५३५६ ही दुसरी प्रचलित कांडी पाइप आणि चौकटींना बळकट पडते, पण इंजिनाजवळच्या सतत तापणाऱ्या भागाला ती लावू नये.

(१०) एक-एक इंचाचे टाके आलटून पालटून मारले. पहिल्या टाक्यात काळे बुडबुडे आले, म्हणजे तेल शिल्लक होते. कारागिराने तो टाका घासून काढला आणि पुन्हा भरला. वरून लिंपून टाकले नाही. यालाच प्रामाणिक काम म्हणतात.

(११) टाका संपवताना ज्योत एकदम बंद केली नाही. प्रवाह हळूहळू कमी करत शेवटचा खड्डा कांडीने भरला. तो खड्डा रिकामा राहिला तर नवा तडा तिथूनच सुरू होतो.

(१२) पेटी कोरड्या राखेत झाकून सावकाश निवू दिली. पाणी मारले नाही. निवल्यावर पुन्हा रॉकेल-खडूची परीक्षा केली, आणि पट्टी लावून तोंड सरळ असल्याचे पाहिले.

प्रवाहाचा अंदाज लागत असेल त्यांच्यासाठी : टिगवर दर मिलीमीटर जाडीला ढोबळमानाने ४० अँपिअर धरतात, म्हणजे तीन मिलीमीटरला १२० च्या आसपास. आधी तापवलेल्या वस्तूला थोडा कमी पुरतो.

तिसऱ्या दिवशी यंत्र वाफ्यात होते. ती पेटी त्या हंगामात आणि पुढच्याही हंगामात चालली. पहिल्या घटनेत दुपारी यंत्र सुरू करण्याच्या घाईने बारा दिवस गेले. येथे तीन दिवस सबुरी धरली आणि बांधणी वेळेत झाली.

नवीन वस्तू बनवताना

काही तरुण सभासद फवारणीचा दांडा, ठिबकच्या फिल्टरसाठी चौकट, गाडीवरची जाळी अशा वस्तू ॲल्युमिनियममध्ये बनवून घेतात. वजन लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश असते, ही मोठी सोय. त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आधी म्हटलेली मोठी अट. ६०६१ जातीचा पाइप उष्णता-प्रक्रियेने कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या तापाने सांध्याजवळचा पट्टा पुन्हा मऊ पडतो आणि त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सांधा कितीही सुबक असला तरी हे टळत नाही. म्हणून जिथे सर्वांत जास्त भार येतो तिथे सांधा ठेवू नये, किंवा जाडी वाढवावी.

दुसरी, पाइप काटकोनात वाकवू नये. मोठ्या गोलाईने वाकवावा. वाकवण्याच्या जागी टोकदार अणीने खूण करू नये. त्या ओरखड्यावरच तडा जातो.

तिसरी, ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना वेल्ड होत नाहीत. दोघांच्या मिश्रणाचा थर काचेसारखा ठिसूळ होतो. तेथे बोल्ट वापरावा आणि मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वायसर घालावा. नाहीतर ओल लागली की दोन धातूंमध्ये विजेची क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. पितळी नोझल आणि खतमिश्रित पाणी असेल तर हे फार लवकर होते.

चौथी, ॲल्युमिनियमच्या भांड्यात किंवा पाइपात मोरचुदाचे द्रावण अथवा बोर्डो मिश्रण ठेवू नये. तांबे धातूवर बसून खड्डे पाडते. कॉस्टिक सोड्याने तर ते धुवूच नये. कॉस्टिक साय काढून धातूच खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

सगळीकडे वेल्डिंगच हवे असेही नाही. गाळप हंगामात कारखान्यात वाफेच्या नळ्यांवर चकचकीत पत्रा दिसतो तो ॲल्युमिनियमचा. तो स्क्रू आणि पट्ट्यांनीच बसवलेला असतो.

जिवाची काळजी

१. वेल्डिंगच्या टेबलावरचा कोणताही तुकडा गरमच समजावा. पक्कडीने उचलावा. निवायला ठेवलेल्या वस्तूवर खडूने "गरम" असे लिहावे. मुलांना वर्कशॉपमध्ये उभे करू नये.

२. पेट्रोल, डिझेल किंवा औषधाची टाकी वेल्डिंगला देऊ नये. धुतली तरी सांध्यात वाफ राहते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. ती बदलावी.

३. दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप किंवा पोकळ भाग तसाच तापवू नये. आतली हवा आणि ओल फुगून तो फुटतो. वाफ जायला भोक ठेवावे.

४. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रव असतो. तो लावून आर्क पेटवला तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. तो फवारा वेल्डिंगच्या जागी असूच नये. ॲसिटोनही पेटतो, त्याचा डबा आणि फडकी दूर ठेवावी.

५. ॲल्युमिनियमवरून आर्कचा प्रकाश परावर्तित होऊन हनुवटी, मान भाजते. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, हातमोजे आणि योग्य काच हवी. बघ्यांनीही उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

६. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो आणि वासही नाही. विहिरीत किंवा खड्ड्यात टिगचे काम करताना तो तळाशी साचून माणूस गुदमरतो. वारा खेळता ठेवावा.

७. ॲल्युमिनियमचा बारीक कीस आणि लोखंड कापल्याच्या ठिणग्या एकत्र येऊ देऊ नयेत. कीस रोज झाडून काढावा.

केव्हा सांधू नये

शिडीचा मोडलेला पाय, मोटरसायकलच्या चाकाची रिम, ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भाग, वजन उचलणारा कप्पीचा हूक : ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे अशी ॲल्युमिनियमची वस्तू सांधून वापरू नये. शिडीचे तर मुद्दाम सांगतो. वर सांगितल्याप्रमाणे सांध्याजवळ तिची ताकद निम्म्यावर येते, आणि ती वाकून सूचना देईलच असे नाही. शिडी मोडली तर ती भंगारात द्यावी. भंगाराला भावही येतो, कारण ॲल्युमिनियम पुन्हा वितळवून नवे करायला दगडापासून काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

हा भाग कापून यंत्राच्या पेटीत ठेवावा.

एक, मशीन एसी टिग आहे का?
दोन, आर्गॉन शुद्ध आहे का?
तीन, कांडी कोणती लावणार, ४०४३ की ५३५६, आणि का?
चार, पेटीतले तेल कसे काढणार?
पाच, वेल्डिंगनंतर परीक्षा कशी करणार?

चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून मोकळेपणाने बोलतो. जो म्हणेल, "त्यात काय, लोखंडासारखेच आहे", त्याच्याकडून यंत्र उचलून परत आणावे.

शेवटी आणखी एक. बांधणीला निघण्याआधी, म्हणजे एप्रिल अखेरीस, वीडर धुऊन त्याची पेटी आणि बोल्टांचे कान नीट पाहून घ्यावेत. बोल्ट सैल राहिला की हादऱ्याने कान तडकतो. रानातले दगड वेचून घ्यावेत. बारीक तडा एप्रिलमध्ये सापडला तर दुरुस्तीला सवड असते. मेच्या अखेरीस सापडला तर आभाळ वाट बघत नाही. ज्यांच्या यंत्रात शंका असेल त्यांनी गट कार्यालयात आणून दाखवावे. यापुढे यंत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही सल्ला देणार नाही, हा आम्ही स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

त्या मुलाचा हात आता पूर्ण बरा आहे. तळहातावर डाग राहिला आहे, पण मूठ वळते. गेल्या वर्षी तो आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला गेला. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, पक्कड मी आता कायम खिशात ठेवतो." सर्व सभासदांच्या घरी ही सवय लागावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

— ऊस विकास अधिकारी